ताईचा डीआर वेगळा का आला? एका घराचे एचएलए रिपोर्ट आणि आपल्या मुलखातल्या साखळ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं माहेर विट्याजवळ, सासर कोरेगावचं. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या भावाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. केमोने तो आटोक्यात आला आणि आता डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवलंय. आई-वडील आणि चारही भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशी किती जुळतात ते ठरवणाऱ्या जनुकांची तपासणी, झाली. ताईंचं भावाशी ए, बी, सी या जनुकांचं सगळं जुळलं, पण डीआर आणि डीक्यू या दोन ठिकाणी एकेक आकडा वेगळा निघाला. लॅबने रिपोर्टच्या तळाशी "रीकॉम्बिनेशनची शक्यता" एवढंच लिहिलं आणि कुणी समजावून सांगितलं नाही. मग घरात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक जण म्हणतो, नमुन्यांची अदलाबदल झाली. नात्यातलं दुसरं कुणी आईबद्दल भलतंसलतं कुजबुजतंय. शिवाय ताईंना पडलेला प्रश्न हा की जगभरात चार कोटींवर दाते नोंदलेले असताना आपल्या भावाला एकही पूर्ण जुळणारा कसा मिळत नाही. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी एक ओळ लिहिलीय: वडिलांच्या सख्ख्या भावाला आईचीच सख्खी बहीण दिलेली आहे. ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे शेवटी येतो.

मी मिरज-सांगली भागात टिश्यू टायपिंगचं, म्हणजे याच एचएलए तपासणीचं काम बरीच वर्षं करत आलोय, किडनीसाठीही आणि बोन मॅरोसाठीही. ताई, तुम्ही सहाही जणांचे आकडे पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. रिपोर्ट बरोबर आहे. तुम्ही तुमच्या आईच्या आणि तुमच्या वडिलांच्याच आहात. हे मी दिलासा म्हणून लिहीत नाही, कागदावर दाखवून देतो.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी बसलेली असतात. तो सगळा पट्टा डीएनएच्या सुमारे चाळीस लाख अक्षरांचा आहे आणि त्यात दोनशेवर जनुकं आहेत. जवळजवळ असल्यामुळे ती सुटी सुटी वारशाने येत नाहीत, ए-सी-बी-डीआर-डीक्यू अशी अख्खी साखळी एकदम येते. लॅबमध्ये तिला हॅप्लोटाइप म्हणतात, मी इथे साखळीच म्हणेन. आईकडे दोन साखळ्या, वडिलांकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळते. म्हणून दोन सख्खी भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन, आणि काहीच न जुळण्याची चारात एक.

आता तुमच्या घरातल्या चार साखळ्या मांडू. ए*३३:०३ म्हणजे ए जनुकाचा ३३:०३ हा प्रकार, पुढेही तसंच; डीआरबी१ म्हणजे डीआर, डीक्यूबी१ म्हणजे डीक्यू. वडिलांची पहिली: ए*३३:०३, सी*०७:०१, बी*४४:०३, डीआरबी१*०७:०१, डीक्यूबी१*०२:०२. वडिलांची दुसरी: ए*०२:११, सी*१५:०२, बी*४०:०६, डीआरबी१*१५:०१, डीक्यूबी१*०६:०१. आईची पहिली: ए*०१:०१, सी*०६:०२, बी*५७:०१, डीआरबी१*०७:०१, डीक्यूबी१*०३:०३. आईची दुसरी: ए*११:०१, सी*१२:०२, बी*५२:०१, डीआरबी१*१५:०२, डीक्यूबी१*०६:०१.

आजारी भावाला वडिलांची पहिली आणि आईची पहिली मिळालीय. म्हणूनच त्याच्या रिपोर्टवर डीआरच्या दुसऱ्या रकान्यात नुसती रेघ आहे. दोन्हीकडून ०७:०१ च आलं, त्यामुळे लॅबने आकडा एकदाच छापला. या रेघेचा अर्थ तपासणी अर्धवट राहिली असा घेऊ नका. तुमच्या धाकट्या बहिणीला वडिलांची दुसरी आणि आईची दुसरी मिळाली, म्हणजे भावाशी तिचं काहीच जुळत नाही. सगळ्यात धाकट्या भावाला वडिलांची पहिली आणि आईची दुसरी, म्हणजे अर्धं जुळतं.

राहिलात तुम्ही. तुमच्याकडे वडिलांची पहिली साखळी जशीच्या तशी आहे, ३३ पासून ०२:०२ पर्यंत. आईकडून मात्र ए*०१:०१, सी*०६:०२, बी*५७:०१ एवढा भाग पहिल्या साखळीचा आलाय आणि पुढचे डीआरबी१*१५:०२, डीक्यूबी१*०६:०१ हे दुसऱ्या साखळीचे. बी आणि डीआर यांच्या मधे कुठेतरी आईच्या दोन साखळ्यांनी आपले शेपटाकडचे भाग अदलाबदल केले. यालाच क्रॉसओव्हर किंवा रीकॉम्बिनेशन म्हणतात. ए ते डीआर या टप्प्यात हे शंभरात एखाद-दोन वेळा होतंच. बी ते डीआर एवढ्याच भागात शंभरात साधारण एकदा.

इथे हाय रिझॉल्यूशन, म्हणजे चारही आकडे देणाऱ्या तपासणीचं मोल कळतं. जुन्या पद्धतीचा, ए, बी आणि डीआर यांचेच फक्त पहिले दोन आकडे देणारा रिपोर्ट असता तर तुमच्यासमोर नुसतं डीआर ७ आणि डीआर १५ आलं असतं. डीआर १५ तर वडिलांकडेही आहे, आईकडेही. मग क्रॉसओव्हर वडिलांच्या बाजूला झाला की आईच्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण वडिलांचं १५:०१ आहे आणि आईचं १५:०२. तुमच्याकडे १५:०२ आहे, म्हणजे ते आईचंच. शिवाय तुमच्या सोबत डीक्यू ०२:०२ आहे, जे घरात फक्त वडिलांच्या पहिल्या साखळीत सापडतं. दोन्ही बाजूंनी गाठ पक्की बसते.

आणि आईच्या साखळ्या मी मांडल्या तशाच आहेत हे कशावरून? धाकट्या दोघांवरून. दोघांकडेही ११-१२-५२-१५:०२-०६:०१ ही साखळी अखंड आहे. आजारी भावाकडे १-६-५७-७-३:०३ अखंड आहे. ही दुसरी साखळी तर जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणी ओळखीची आहे. चौघांपैकी फक्त तुमच्याकडे जोड वेगळी. म्हणून अदलाबदल तुमच्या बीजात झाली, भावाच्या नाही. अजूनही कुणाला शंका असेल तर लॅबला डीपी बघायला सांगा. डीपी त्याच पट्ट्यात डीक्यूच्या पलीकडे आहे. तुमच्या धाकट्या भावंडांकडे आईकडून जो डीपी आलाय, बहुतेक तोच तुमच्याकडेही निघेल. डीक्यू आणि डीपीच्या मधे आणखी एक अदलाबदल झाली असेल तरच वेगळा येईल.

नमुने बदलले असते तर असे दहाच्या दहा आकडे आई-वडिलांच्या वीस आकड्यांत साखळीसकट बसलेच नसते. आणि कुजबुज करणाऱ्यांना हे सांगा की वडिलांबद्दल शंका असती तर वडिलांची साखळी गहाळ दिसली असती. तुमच्यात ती पूर्ण आहे. वेगळा आलेला आकडा आईचा आहे, आणि आईबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. माझ्या कामात या एका शब्दावरून संसारात विष कालवलं गेलेलं मी पाहिलंय, तेही रुग्ण आयसीयूत असताना. रीकॉम्बिनेशन लिहिलेला प्रत्येक रिपोर्ट देताना लॅबने पाच मिनिटं बसून समजावलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आईंना स्वतःलाही वाटत असेल की आपल्याकडून काही झालं का. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. बाईच्या बीजांडांमधली ही अदलाबदल ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच होऊन जाते. म्हणजे तुमच्या भावाला आज ज्या डीआरची गरज आहे, तो तुमच्या वाट्याला येणार नाही हे तुमची आई जन्माला यायच्या आधी, तुमच्या आजीच्या पोटात ठरलं होतं. खाण्यापिण्याचा, औषधांचा, ग्रहणाचा, कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. पुरुषांत हे शुक्राणू तयार होताना आयुष्यभर चालू राहतं. सगळी गुणसूत्रं धरली तर एका शुक्राणूमागे साधारण २६ अदलाबदली होतात, एका बीजांडामागे चाळिशीच्या आसपास. म्हणजे तुमच्या, माझ्या, प्रत्येकाच्या अंगात अशा कित्येक जोडण्या आहेत. फरक इतकाच की तुमची एक जोड नेमकी त्या पट्ट्यात आली, जिथे आज आपण भिंग लावून बघतोय.

या जोडण्या कुठेही होतात का? नाही. मिरज जंक्शनच्या यार्डात शेजारी शेजारी कितीही रूळ असले तरी गाडी रूळ बदलते ती सांधा असेल तिथेच. गुणसूत्रावरही तसंच आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांच्या गटाने २००१ मध्ये एचएलएच्या क्लास टू (डीआर, डीक्यू, डीपी असलेल्या) भागातला २ लाख १६ हजार अक्षरांचा तुकडा घेतला आणि पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये अदलाबदली नेमक्या कुठे होतात ते मोजलं. बहुतेक सगळ्या अदलाबदली सहाच जागी सापडल्या, आणि प्रत्येक जागा जेमतेम एक-दोन हजार अक्षरांची. मधला लांबच लांब भाग जवळजवळ शांत. डीआर आणि डीक्यू यांच्यात अदलाबदल सहसा होत नाही, म्हणून तुमच्याकडेही १५:०२ आणि ०६:०१ जोडीनेच आले. उलट डीक्यू आणि डीपीच्या मधे सांधा आहे. म्हणूनच परक्या दात्याशी दहापैकी दहा जुळूनही डीपी बहुतेक वेळा वेगळाच निघतो.

या जागा ठरवतं कोण, हे २०१० मध्ये कळलं. पीआरडीएम९ नावाचं एक प्रथिन डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथे खूण करतं आणि तुटजोड त्या खुणेजवळ होते. या प्रथिनाचं जनुक माणसामाणसात वेगळं असतं. युरोपीय लोकांत त्याचा एकच प्रकार बहुसंख्य आहे, आफ्रिकी लोकांत प्रकार जास्त. २०११ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी लोकांवरून काढलेल्या अदलाबदलींच्या नकाशात सुमारे अडीच हजार जागा अशा सापडल्या, ज्या पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत चालू आहेत आणि युरोपीय लोकांत जवळपास बंद.

तरीही वेगवेगळ्या लोकसमूहांच्या साखळ्या वेगळ्या होण्याचं मोठं कारण सांध्यांच्या जागा हे नाही. मोठं कारण म्हणजे काळ, आणि कोण कुणाशी लग्न करत राहिलं ते. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं, दाता का मिळत नाही याचं, उत्तर इथे आहे.

तुमच्या वडिलांची पहिली साखळी घ्या. तिच्यातला बी*४४:०३ जगभर सापडतो. पण युरोपात तो बहुधा ए२९ आणि सी१६ यांच्या संगतीने येतो, शेपटाला डीआर ७. कोरिया-जपानमध्ये त्याच बी*४४:०३ च्या पुढे ए३३, मधे सी*१४:०३ आणि मागे डीआर*१३:०२. आपल्याकडे ए३३, सी०७ आणि डीआर ७. बी तोच, पण डोकं एकीकडे कोरियाशी जुळतं, शेपूट युरोपाशी, आणि मधला सी दोघांपेक्षाही वेगळा. आईची दुसरी साखळीही तशीच बोलकी आहे. सी*१२:०२, बी*५२:०१, डीआर*१५:०२ हे तिघं जपानमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या साखळीत आहेत, पण तिथे त्यांच्या पुढे ए*२४:०२ असतो. आपल्याकडे ए*११:०१. दिल्लीच्या एम्समध्ये नरिंदर मेहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेलं उदाहरण तर या विषयात गाजलेलं आहे. उत्तर युरोपात बी८-डीआर३ ही जोडी ए१ बरोबर येते, भारतात ती ए२६ बरोबर. दोन्हीकडे ती टाइप वन डायबेटिसशी निगडित आहे, पण साखळी एक नव्हे.

आता दात्यांची नोंद बघा. चार कोटींतले बहुसंख्य दाते युरोप-अमेरिकेतले आहेत. भारतातल्या सगळ्या रजिस्ट्र्या मिळून काही लाखच. तुमच्या भावाला लागणारी ३३-७-४४-७ आणि १-६-५७-७ ही जोडगोळी जर्मनीतल्या माणसात सापडण्याची आशा किती असणार? ए३३ असलेला बी४४ तिथे फारसा नाहीच. दाते थोडे आहेत असं नाही, आपल्या साखळ्यांचे दाते थोडे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीचा २०१४ मध्ये छापून आलेला अभ्यास हेच सांगतो. युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा, उपलब्ध दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाला १६ टक्के.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचं इतकं अवघड का? त्याचंही मूळ रीकॉम्बिनेशनमध्ये आहे. माणसाचा सगळ्यात जुना मुक्काम आफ्रिकेत. जितका काळ जास्त, तितक्या पिढ्या जास्त, तितक्या अदलाबदली जास्त, आणि अखंड राहिलेले तुकडे तितके आखूड. साधा हिशोब करा. बी आणि डीआरच्या मधे दर पिढीला शंभरात एकदा तुटजोड होते असं धरलं, तर ७० पिढ्यांनंतर मूळ जोड निम्म्याच प्रतींमध्ये शाबूत उरते. हजार पिढ्यांनंतर जवळजवळ कशातच नाही. म्हणजे आज ज्या लांब साखळ्या एखाद्या समाजात ठळक दिसतात, त्या एक तर गेल्या काही हजार वर्षांत तिथे पसरल्या, किंवा एखाद्या साथीच्या रोगात त्यांनी माणसं वाचवली म्हणून टिकल्या.

७० पिढ्या हा आकडा मी मुद्दाम घेतलाय. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथल्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार भारतातल्या बऱ्याच समाजांत एकमेकांत लग्नं होणं साधारण ७० पिढ्यांपूर्वी थांबलं आणि जातीतल्या जातीत लग्न ही रीत घट्ट झाली. त्याआधी सगळे मिसळत होते. यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतात. मराठा, धनगर, लिंगायत, जैन, महार, रामोशी, कुणाचीही एचएलए बघितली तर जुन्या काळच्या मिसळीमुळे त्याच ओळखीच्या साखळ्या पुन्हा पुन्हा दिसतात. पण कुठली साखळी किती जणांत, हे प्रमाण प्रत्येक समाजात वेगळं. "दाता आमच्याच जातीचा शोधू का" असं मला नेहमी विचारतात. शोध आकड्यांचा करा, आडनावाचा नको. रजिस्ट्रीला जात कळत नाही, आणि तुमच्या भावाच्या पेशींनाही.

रीकॉम्बिनेशनने नुकसानच होतं असंही समजू नका. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज आशियातून थोड्या संख्येने गेले, त्यामुळे सोबत एचएलएचे मोजकेच प्रकार गेले. इक्वेडोरमधले वाओरानी आणि ब्राझीलमधले कैंगांग व ग्वारानी यांच्यावर १९९२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्यात बी जनुकाचे असे प्रकार सापडले जे जगात इतरत्र नव्हते. ते शून्यातून आलेले नव्हते. सोबत आलेल्या जुन्या प्रकारांनीच एकमेकांचे छोटे तुकडे उचलून नवे प्रकार तयार केले होते. बी जनुकाचं प्रथिन विषाणूचे तुकडे पेशीबाहेर धरून दाखवतं. धरण्याची खोबण बदलली की नवे तुकडे धरता येतात. नव्या खंडात, नव्या रोगांपुढे त्या लोकांना हाच उपाय उपयोगी पडला. एचएलएचे आज चाळीस हजारांवर प्रकार नोंदलेले आहेत, त्यांतले कितीतरी अशाच देवाणघेवाणीतून आलेले. तुमच्या घरातली घटना त्याच प्रक्रियेची आहे, फक्त तुकडा मोठा आणि ताजा.

आता भावाच्या उपचाराकडे. रक्तगटाबद्दल आधी सांगतो, कारण तो प्रश्न प्रत्येक घरात निघतो: बोन मॅरोसाठी रक्तगट जुळणं आवश्यक नाही.

तुम्ही "दहापैकी आठ" आहात. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, दिशा सांगत नाही. ट्रान्सप्लांटमध्ये भांडण दोन बाजूंनी होऊ शकतं. तुमच्या पेशी भावाच्या शरीराला परकं समजून त्रास देतील, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. किंवा भावाचं शरीर तुमच्या पेशींना हाकलून लावेल, म्हणजे रिजेक्शन. भावाचा डीआर दोन्हीकडून ०७:०१ आहे आणि तो तुमच्याकडेही आहे. म्हणजे तुमच्या पेशींना भावाच्या डीआरमध्ये परकं काही दिसणार नाही. डीक्यूमध्ये मात्र त्याचा ०३:०३ तुमच्याकडे नाही. उलट दिशेने बघा: तुमचे १५:०२ आणि ०६:०१ हे दोन्ही भावाच्या शरीराला नवे. म्हणून भावाच्या रक्तात डीआर १५ किंवा डीक्यू ६ विरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्यात का, ही डीएसए तपासणी तुमच्याबाबतीत सगळ्यात महत्त्वाची. केमोच्या काळात त्याला रक्ताच्या आणि प्लेटलेटच्या पिशव्या चढल्या असणारच, आणि त्यातून अशा अँटीबॉडी होऊ शकतात.

याच कारणासाठी कळकळीची विनंती: इथून पुढे घरातल्या कुणीही भावाला स्वतःचं रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका. आपल्याकडे भाऊबंद गाडी करून रक्तपेढीत येतात, आपल्या माणसाला आपलंच रक्त चढावं असा हट्ट धरतात. प्रेम खरं असतं, पण त्यातून भावाचं शरीर नेमकं तुमच्या साखळ्यांविरुद्ध तयार होऊ शकतं. रक्त दुसऱ्या रुग्णासाठी द्या. भावाला मिळणारी पिशवी परक्या दात्याची आणि इरॅडिएट केलेली (किरणोत्सर्ग दिलेली) असू द्या.

अर्धं जुळणाऱ्या दात्याकडून ट्रान्सप्लांट, ज्याला हॅप्लो म्हणतात, ते आता आपल्या देशातही सर्रास होतं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन सर्वात आक्रमक पेशी आवरतात, आणि जीव्हीएचडी बऱ्यापैकी काबूत राहते. या पद्धतीत वाट्याला न आलेल्या साखळीवर दोन आकडे वेगळे आहेत की पाच, याला पूर्वीइतकं महत्त्व उरलेलं नाही. दात्याचं वय, तब्येत आणि डीएसए यांना जास्त आहे. त्यामुळे डॉक्टरांनी तुम्हाला सोडून पाचच जुळणाऱ्या धाकट्या भावाला निवडलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. मुलं झालेल्या स्त्रीच्या पेशी पुरुषाला दिल्या तर दीर्घकाळची जीव्हीएचडी थोडी जास्त होते, हेही ते विचारात घेतील. यात तुमचं काही कमी नाही.

आणि तुमचीच निवड झाली तर सासरच्यांना सांगा की यात शरीराचा कुठलाही अवयव जात नाही. एक तर चार-पाच दिवस इंजेक्शनं घेऊन हातातल्या शिरेतून मशीनवर पेशी गोळा करतात, किंवा भूल देऊन कंबरेच्या हाडातून मॅरो काढतात. काही आठवड्यांत ते भरून येतं. एवढंच की त्या काळात गरोदर नसावं.

एक गोष्ट मधेच, पण लक्षात ठेवा. तुम्ही, आजारी भाऊ आणि आई, तिघांकडे बी*५७:०१ आहे. एचआयव्हीच्या उपचारातलं ॲबॅकाव्हिर नावाचं औषध हा प्रकार असलेल्यांना जिवावर बेतणारी रिॲक्शन देऊ शकतं. ते औषध तुमच्यापैकी कुणाला लागेलच असं नाही, पण हे रिपोर्ट फाइलीत जपून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा.

आता ती शेवटची ओळ. दोन सख्ख्या भावांना दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या आहेत. एरवी चुलत किंवा मावस भावंडांची तपासणी करणं मी सुचवत नाही, कारण त्यांच्याकडे एकाच बाजूची साखळी असू शकते. पण तुमच्या काका-मावशीची मुलं दोन्हीकडून तुमचीच आहेत. आपल्या पट्ट्यात दोघा भावांना दोघी बहिणी किंवा साटंलोटं अशी लग्नं खूप आहेत, आणि दाता शोधताना हे कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. अशा प्रत्येक चुलत-मावस भावंडाकडे तुमच्या भावाच्या दोन्ही साखळ्या असण्याची शक्यता सोळात एक. तीन भावंडं असतील तर त्यांतला एक तरी पूर्ण जुळण्याची शक्यता साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जाते.

पण लगेच सगळ्या मुलांचे नमुने पाठवू नका, खर्च वाया जाऊ शकतो. आधी फक्त काका आणि मावशी या दोघांची हाय रिझॉल्यूशन तपासणी करा. काकांकडे वडिलांची पहिली, ३३-७-४४-७ ही साखळी आहे का, आणि मावशीकडे आईची पहिली, १-६-५७-७-३:०३ ही आहे का, एवढंच बघायचं. दोघांपैकी एकाकडे जरी आपापली साखळी नसेल तरी मुलांची तपासणी करायची गरज नाही. दोघांकडेही असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाची शक्यता सोळात एकवरून चारात एकवर येते, सख्ख्या भावंडाइतकी. मग मात्र सगळ्या मुलांचे नमुने त्याच आठवड्यात द्या. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला तरी चालतो. त्यांतलं कुणी गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त मदुराईला किंवा लुधियानाला असेल तर तिथूनही कुरिअरने पाठवता येतं.

ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा हे क्रमाने सांगा: काका-मावशीचे नमुने दिलेत, भावाची डीएसए तपासणी हवी आहे, आणि तुमचा व धाकट्या भावाचा ताज्या नमुन्यावर पुन्हा एकदा टायपिंग करून ठेवायचाय. ट्रान्सप्लांटआधी तो तसाही करतात, आणि नमुने बदलल्याची शंका असलेल्यांचं समाधानही त्यातच होईल. काका-मावशीचे आकडे आले की पाठवा, मी चारही साखळ्यांशेजारी मांडून देतो.